ओटीवरून : तीन मुलींची आई

गेल्या महिन्यांत एका पहाटे, मनमाडकडून येणारी गाडी स्टेशनांत शिरत असल्याची शीळ ऐकूं येत असतांनाच घरचा फोन वाजला. नगरास असलेल्या आमच्या धाकट्या कन्येस दुसरी मुलगी झाल्याची वार्ता जांवईबापूंनीं दिली. (नगरास आतां अहिल्यानगर म्हणावयाचें, हें ठाऊक आहे, परंतु साठी ओलांडलेल्या जिभेचें वळण जात नाहीं.) मायलेकी सुखरूप होत्या. "उत्तम झालें," असें म्हणून मीं फोन खालीं ठेविला. आमच्या मंडळीनें देवापुढें साखर ठेविली, निरांजन लाविलें, आणि माझ्याकडे वळून एवढेंच विचारलें, "मग, केव्हां निघायचें?"

प्रश्न साधा होता. पण तो ऐकतांच माझी मान खालीं गेली. कां खालीं गेली, हें सांगावयाचें तर मला एका उर्दू मालिकेची हकीकत सांगावी लागेल. दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं या सदरांत आजवर मीं चकार शब्द लिहिलेला नाहीं, आणि संस्कृतच्या मास्तरानें तो लिहावा अशी कोणाची अपेक्षाहि नसेल. वाचकांनीं या एका वेळेपुरती क्षमा करावी.

गोष्ट आहे २०१४ सालची. त्या वर्षीं जून महिन्याच्या २३ तारखेस झी समूहानें 'जिंदगी' नांवाची एक नवी वाहिनी सुरू केली. पाकिस्तानांत तयार झालेल्या मालिका इकडील प्रेक्षकांस दाखवाव्या, हा तिचा आरंभींचा मुख्य उद्योग. पहिल्याच फळींत जी मालिका आली तिचें नांव 'जिंदगी गुलजार है', म्हणजे जीवन ही फुललेली बाग आहे. उमेरा अहमद या लेखिकेनें आपल्याच कादंबरीवरून ती लिहिली, आणि सुलताना सिद्दिकी या बाईंनीं ती दिग्दर्शित केली. त्यांच्या देशांत ती २०१२ च्या नोव्हेंबरापासून २०१३ च्या मे महिन्यापर्यंत दाखविली गेली. भाग अवघे सव्वीस. आमच्याकडील मालिकांत तेवढ्या भागांत एखादी सासू नुसता जिना उतरत असते!

अशा मालिकांची आवड आपल्याकडे नवी नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत 'तनहाइयां' आणि 'धूप किनारे' यांच्या चित्रफिती हिंदुस्थानांत हातोहात फिरत. त्यांच्या लेखिका हसीना मोईन मूळच्या कानपूरच्या. फाळणीनंतर त्यांचें कुटुंब तिकडे गेलें. पण आमच्या घरांत त्या चित्रफिती कधीं आल्या नाहींत, आणि आल्या असत्या तरी मीं त्या लावूं दिल्या नसत्या. म्हणून मंडळी जेव्हां रोज रात्रीं ही नवी मालिका पाहूं लागली, तेव्हां मीं नाक मुरडलें. माझी तक्रार भाषेविषयीं होती. आणि 'तक्रार' हा शब्दच मुळीं अरबी आहे, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

दौंड हें जंक्शनाचें गांव. १८७८ सालीं मनमाडचा फांटा येथून सुरू झाला, आणि भीमेच्या कांठच्या या गांवांत नाना प्रांतांचीं माणसें येऊन वसलीं. रेल्वेच्या चाळींतून तऱ्हेतऱ्हेच्या भाषा कानांवर घेतच आमचीं मुलें वाढलीं. रेल्वेंत गार्डाची नोकरी करून निवृत्त झालेले एक मुसलमान गृहस्थ आमचे जुने शेजारी. त्यांच्या पत्नीस आमच्या मुली 'खाला' म्हणतात, म्हणजे मावशी. या खालाबाई रात्रीं जेवणें आटोपून येऊन बसत, आणि अडलेला शब्द उलगडून सांगत. वर्तमानपत्राआडून मीहि हळूहळू कान देऊं लागलों. हकीकत, जबाबदारी, शिफारस, इज्जत, फुरसत, मेहेरबानी हे शब्द तर आपल्याच माजघरांतले. माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश केला, तो उगीच नव्हे. गज्जल मराठींत रुजविणारा हाच कवि पुढें भाषाशुद्धीचा कैवारी झाला. पण शब्दांची हकालपट्टी करावयाची तरी आधीं त्यांची ओळख लागते, हें त्यास ठाऊक होतें. मला तेवढीहि ओळख नव्हती.

आतां कथानक थोडक्यांत सांगतों. रफिया नांवाची एक बाई शाळेंत मुख्याध्यापिका आहे. तिला तीन मुली. मुलगा झाला नाहीं म्हणून तिचा नवरा मुर्तझा यानें दुसरें लग्न केलें. त्या दुसरीस मुलगा झाला, आणि हा गृहस्थ तिकडेच राहूं लागला. रफियानें कोणापुढें हात पसरला नाहीं. शाळा सांभाळून आणि घरीं शिकवण्या घेऊन तिनें मुलींस शिकविलें. थोरली कशफ बुद्धिमान, मानी आणि जिभेची तिखट. ती शिष्यवृत्तीवर एका मोठ्या विद्यापीठांत जाते. तेथें तिची गांठ झारून नांवाच्या एका श्रीमंत तरुणाशीं पडते, आणि पहिल्या भेटीपासून दोघांचें वाकडें येतें. दोघेंहि रोजनिशी लिहीत असतात, आणि त्या दोन रोजनिशांतून कथा पुढें सरकते. एकच प्रसंग तो कसा लिहितो आणि ती कसा लिहिते, हें पाहतांना मास्तरासहि मौज वाटावी अशी ती युक्ति आहे.

एका रात्रीं त्या मुर्तझाचें वागणें पाहून मी न राहवून बोलून गेलों, "काय हा मनुष्य! मुली झाल्या हा बायकोचा अपराध का?"

मंडळी वाती वळीत होती. तिनें मान वर केली नाहीं. ती म्हणाली, "तुम्हीं कांहीं आम्हांला सोडलें नाहीं हो. पण धाकटीच्या वेळीं तुम्ही बारा दिवस आलां नाहींत."

खालाबाई उठल्या आणि पाणी पिण्याच्या मिषानें स्वयंपाकघरांत गेल्या.

वाचकहो, हें मीं कधीं कोणास सांगितलेलें नाहीं. मंडळीचें माहेर शिरूरचें, म्हणजे घोडनदीचें, येथून एस्. टी. नें जेमतेम दोन तासांची वाट. तिन्ही बाळंतपणें तेथेंच झालीं. थोरली झाली तेव्हां दुसऱ्याच दिवशीं मी बर्फीचा पुडा घेऊन पोंचलों. आपल्याकडे मुलगा झाल्यास पेढे आणि मुलगी झाल्यास बर्फी, असा संकेत आहे. तोहि मला तेव्हां गोड वाटला. मधलीच्या वेळीं चौथ्या दिवशीं गेलों. धाकटी झाली ती १९८९ च्या मार्चांत. सासऱ्यांची तार शाळेंत आली. शिक्षकांच्या खोलींत ती उघडून मीं वाचली आणि घडी करून खिशांत घातली. शेजारच्या सहकाऱ्यानें "काय बातमी?" म्हणून विचारलें, तेव्हां "घरचें कांहीं," एवढेंच सांगून मी पुढल्या तासास निघून गेलों. वार्षिक परीक्षा तोंडावर आहेत, उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत, शिवाय दहा दिवस वृद्धि आहे, असें पत्र मीं सासऱ्यांस लिहिलें. वृद्धि थोरलीच्या वेळींहि होती. परीक्षा मुख्याध्यापकांस सांगून एका दिवसापुरत्या बाजूस ठेवतां आल्या असत्या. मी गेलों तो बाराव्या दिवशीं, थेट बारशास, आणि तोहि रिकाम्या हातांनीं.

मुलगी मला नको होती, असें मी आजहि म्हणणार नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें आंकडा होता. तीन मुली, मास्तराचा पगार, तीन लग्नें. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. पण मुलगी पाहावयास येणाऱ्या मंडळींनीं तो वाचलेला नसतो, हें मीं दोन बहिणींच्या लग्नांत पाहिलें होतें. ही काळजी खोटी नव्हती. परंतु तिचा भार मीं कोणावर टाकला? नुकत्याच बाळंत झालेल्या बाईवर, आणि जिला अजून नांवहि मिळालें नव्हतें अशा एका जीवावर.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. पडल्या पडल्या मला मनुस्मृतीचा नववा अध्याय आठवला. कोणती स्त्री असतां पुरुषानें दुसरी करावी, याचा तेथें हिशेब दिला आहे. वंध्या असेल तर आठव्या वर्षीं, मुलें जगत नसतील तर दहाव्या वर्षीं, केवळ मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षीं, आणि ती कटु बोलणारी असेल तर तत्काळ! याज्ञवल्क्याच्या यादींतहि केवळ कन्यांस जन्म देणारी आहेच. मात्र अशा स्त्रीचें पोषण केलेंच पाहिजे, असें त्यानें बजाविलें आहे. आणि मौज अशी कीं, मनूच्या त्याच नवव्या अध्यायांत, वारशाच्या प्रकरणीं, कन्या ही पुत्रासमान होय असेंहि वचन आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आणि महिलामंडळांत मीं हें दुसरें वचन कितीएक वेळां सांगून टाळ्या घेतल्या. पहिलें वचन मीं कधीं उच्चारलें नाहीं. तें मला ठाऊक नव्हतें असें मात्र नव्हे.

म्हणून 'तिकडचे लोक तसलेच' असें म्हणावयास निदान आपल्यास तरी तोंड नाहीं. आपल्याकडे एक पत्नी असतां दुसरी करण्यास मुंबई प्रांतानें १९४६ सालीं बंदी केली, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती साऱ्या देशांतील हिंदूंस लागू झाली. तिकडे १९६१ च्या वटहुकुमानें दुसऱ्या लग्नापूर्वीं सालस मंडळाची लेखी परवानगी घेणें आवश्यक केलें. खालाबाईंनीं एकदां सांगितलें कीं, निकाह हा करार; मुलीची संमति आणि मेहेर यांवांचून तो पुरा होत नाहीं. आपला विवाह हा संस्कार. अग्नीच्या साक्षीनें सात पावलें चालल्यावांचून तो पुरा होत नाहीं. दोन्ही रीति आपापल्या ठिकाणीं गंभीर आहेत. परंतु तीन मुलींच्या आईस ना कराराचें कलम वांचवितें, ना संस्कारांतील मंत्र. रफियास वांचविलें तें तिच्या शाळेच्या पगारानें.

आणि आतां कायद्यानें दुसरें लग्न थांबलें म्हणून आपण फार पुढें आलों, असेंहि समजूं नये. मुलगा कीं मुलगी हें पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतें, हें आज शाळकरी विद्यार्थीहि सांगतो; तरी दोष आईच्याच पदरांत पडतो. मुर्तझा घर सोडून गेला. आमच्यांतील सुशिक्षितांनीं त्याहून सोपा मार्ग शोधला, आणि मुलगी घरांत येणारच नाहीं अशी तजवीज केली. गर्भलिंगचिकित्सेस आळा घालणारा कायदा आपल्या महाराष्ट्रानें १९८८ सालीं सर्व राज्यांच्या आधीं केला, आणि १९९४ सालीं देशाचा कायदा झाला. तरीहि सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें महाराष्ट्रांत मुली किती, तर २००१ च्या शिरगणतींत ९१३, आणि २०११ च्या शिरगणतींत ८९४. हे आंकडे अडाणी वाड्यावस्त्यांचे म्हणून हात झटकतां येणार नाहींत. सोनोग्राफीस पैसे लागतात, आणि ते शिकल्यासवरल्या घरांत अधिक असतात.

मंडळीच्या माहेरचें नांव निघालें म्हणून आणखी एक आठवण सांगतों. मराठी वाङ्मयांत शिरूरचें नांव गाजलें तें एका टोपणनांवामुळें. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. लेखिका 'विभावरी शिरूरकर'. ही बाई कोण, बाई तरी आहे कीं कोणी पुरुष, यावरून केवढा गदारोळ झाला! त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढें मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न लांबलेल्या मुलींच्या मनांत काय चालतें, हें त्यांनीं प्रथम उघडपणें मांडलें. मिळवत्या मुलीचा पगार घरास हवासा होतो, बाप स्थळ पाहण्यांत ढिला पडतो, आणि मुलगी मुकाट्यानें वर्षें मोजीत राहते. ही व्यथा त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरांतलीच. आमच्या वडिलांच्या पिढींत हें पुस्तक मुलींच्या हातीं पडूं नये म्हणून कपाटांत ठेवीत. कशफची कथा पाहतांना मला वारंवार त्या 'कळ्यां'ची आठवण झाली. तीहि बाईनें लिहिलेली, हीहि बाईनें लिहिलेली. दोन्हींत प्रश्न तोच कीं, जी मुलगी घराचा आधार झाली तिनें स्वतःसाठीं कांहीं मागावें कीं नाहीं. फरक एवढाच कीं, रफिया आपल्या मुलीच्या पगाराकडे पाहात नाहीं, तिच्या सुखाकडे पाहते. आणि लग्नास नकार द्यावयाचा तो कशफच देते.

ती नकार कां देते, यांत या मालिकेचें सारें मर्म आहे. कशफ पुढें मोठी परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते. झारूनहि त्याच चाकरींत आलेला. त्याचें गर्वाचें वारें बरेंच उतरलेलें, आणि त्याला तिच्याशींच लग्न करावयाचें आहे. दोघांस शिकविलेले एक प्राध्यापक मध्यस्थी करतात. (मास्तराचें हें काम पाहून मला उगाच धन्यता वाटली.) स्थळ सर्व बाजूंनीं उत्तम, तरी ती मागें सरते. तिला झारूनविषयीं शंका नसते, शंका असते ती पुरुषमात्राविषयीं. जो पहिला पुरुष तिनें जन्मल्याबरोबर पाहिला तो पाठ फिरवून गेला. दुसरा तसाच जाणार नाहीं, हें तिनें कशावरून धरावें? लग्न झाल्यावरहि ती सुखांत असतांना दचकलेली असते. एका जुन्या मित्रावरून किरकोळ गैरसमज होतो, आणि ती तत्काळ ठरविते कीं, झालें, आपल्या आईच्या वाट्यास आलें तेंच आपल्या वाट्यास आलें. नवऱ्याशीं भांडतांना ती खरें पाहतां बापाशींच भांडत असते.

शेवटीं कशफला मुली होतात, त्याहि जुळ्या. तिच्या मनांत धास्ती असते. झारूनच्या तोंडावर मात्र आनंदाखेरीज कांहीं नसतें. आणि मुर्तझानें ज्या पुत्रासाठीं घर मोडलें, त्याच पुत्रानें त्यास मान खालीं घालावयास लाविलेलें असतें. कथा म्हणून हा शेवट फारच जुळवून आणलेला आहे, हें मी कबूल करतों. संसारांत न्याय इतका नीटनेटका होत नाहीं; पुष्कळ मुर्तझा सुखानें म्हातारे होतात.

दुसराहि एक दोष सांगितला पाहिजे. झारूनची आई गझाला ही श्रीमंत घरची, बाहेर काम करणारी, स्वतंत्र वृत्तीची. तिचें घराकडे लक्ष नाहीं, आणि म्हणून तिची मुलगी सारा हिचा संसार मोडला, असें लेखिकेनें ठसविलें आहे. म्हणजे गरीब बाईनें नोकरी केली तर तो त्याग, आणि श्रीमंत बाईनें केली तर तो स्वैरपणा! हा न्याय मला पटला नाहीं. मंडळीसहि पटला नाहीं, ती म्हणाली, "घरीं कोणी लक्ष दिलें नाहीं म्हणावयाचें, तर बाप काय करीत होता?" खालाबाईंनीं जोरानें मान हलविली. त्या दिवसापासून या दोघींपुढें टीकाकार म्हणून मिरविण्याचें धाडस मीं केलेलें नाहीं.

पुढें २०१६ च्या सप्टेंबरांत उरी येथें आपल्या जवानांवर हल्ला झाला, आणि झी समूहानें पाकिस्तानी मालिका बंद केल्या. २०२५ च्या एप्रिलांत पहलगाम येथें निरपराध प्रवाशांची हत्या झाली. त्यानंतर मे महिन्यांत केंद्र सरकारनें तिकडील मालिका, चित्रपट व गाणीं आंतरजालावरूनहि दाखवूं नयेत, अशी सूचना प्रसारकांस दिली. हा राष्ट्राचा प्रश्न आहे, आणि जवानांच्या घरांतील दुःखापुढें एका मालिकेचें मोल तें काय! मला त्यावर वाद घालावयाचा नाहीं. परंतु जें एकदां मनांत गेलें तें कोणत्याहि सूचनेनें बाहेर निघत नाहीं. त्या बारा दिवसांचा उल्लेख मंडळीनें त्या रात्रीनंतर पुन्हां एकदांहि केला नाहीं. माझ्या मनांतून मात्र ते एकदांहि गेले नाहींत.

आमच्या या धाकटीचाहि विचार मी तेव्हांपासून करीत आलों आहें. तिन्ही मुलींत ती अबोल. थोरली नि मधली माझ्याशीं वाद घालीत, हट्ट करीत, रुसत. धाकटीनें हट्ट असा कधीं केलाच नाहीं. गणितांत पहिली आली तरी गुणपत्रिका ती आईच्या हातीं देई. मी तिला 'शहाणी, समजूतदार' म्हणून चारचौघांत वाखाणीत असें. जें मूल बापाकडे कांहीं मागतच नाहीं, तें समजूतदार असतें कीं त्यास मागण्याची खात्रीच वाटत नसते? कशफची रोजनिशी ऐकेपर्यंत हा प्रश्न मला सुचलासुद्धां नव्हता. लग्नाच्या वेळीं तिनें मला एकच विचारलें होतें, "बाबा, ते चांगले आहेत ना?" मीं पत्रिका, पगार, घराणें यांची माहिती सांगितली. तिनें तें विचारलें नव्हतें.

असो. पहाटेच्या फोनाकडे वळतों. "केव्हां निघायचें?" या प्रश्नास मीं उत्तर दिलें, "आतां." मंडळी क्षणभर पाहात राहिली आणि पिशवी भरावयास आंत गेली. स्टेशनाच्या वाटेवर हलवायाचें दुकान नुकतें उघडत होतें. अर्धा किलो पेढे बांधावयास सांगितले, तेव्हां तो ओळखीचा माणूस हंसून म्हणाला, "गुरुजी, नातू का?" मीं म्हटलें, "नात." त्याचा हात बर्फीच्या ताटाकडे वळला. मीं सांगितलें, "पेढेच द्या. आणि अर्धा नको, दोन किलो द्या." एक पुडा खालाबाईंच्या दारांत देऊन आम्हीं नगरची गाडी गांठली.

गाडी भीमेच्या पुलावरून जात होती तेव्हां मंडळीनें पाण्यांत नाणें टाकलें आणि हात जोडले. मी खिडकींतून पाहात होतों. घोडनदीची वाट याहून लांब नव्हती, एवढेंच मनांत येत होतें.

दवाखान्यांत पोंचलों तेव्हां नऊ वाजावयाचे होते. धाकटी थकलेली होती, पण जागी होती. आम्हांला दारांत पाहून तिनें आधीं आईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलें. मग अगदीं हळू, हंसूनच, ती म्हणाली,

"बाबा, आज शाळेला सुट्टी आहे वाटतें?"

मी निवृत्त होऊन कित्येक वर्षें झालीं आहेत, हें तिला ठाऊक आहे. आईनें तिला केव्हां सांगितलें, कीं कोणी न सांगतांच तिला तें उमगलें, हें मीं विचारलें नाहीं. मीं तिच्या डोक्यावर हात ठेविला आणि म्हटलें, "चुकलें माझें, बाळ." हे तीन शब्द उच्चारावयास मला तीन तपें लागलीं. तिनें डोळे मिटले आणि माझा हात तसाच धरून ठेविला. मग परिचारिकेनें दुपट्यांत गुंडाळलेली नात माझ्या मांडीवर आणून ठेविली, आणि मंडळीनें पेढ्याचा पुडा सोडला.